इंटरकॉमवरचं माप

इदरीस टेलरच्या दुकानात एक शिलाई मशीन, एक बाक आणि एक गिऱ्हाईक एवढंच मावायचं. दुसरं गिऱ्हाईक आलं की पहिल्याला फळीवरून खाली उतरावं लागे. त्यामुळे कापड कापायचं टेबल घरी होतं, आणि घर जव्हारच्या बाजारपेठेच्या वरच्या अंगाला, चांगला दम लागेल असा चढ चढून. माप दुकानात घ्यायचं, कापायचं घरी, शिवायचं पुन्हा दुकानात. कापायचं काम शबानाकडे होतं. लग्न होऊन आली तेव्हा ती फक्त काजं करायची. पुढे सासऱ्यांचा हात थरथरायला लागला आणि कात्री आपोआप तिच्याकडे आली.

चढ-उतार करून इदरीसचे गुडघे बोलायला लागले, तेव्हा शबानाच्या भावाने, नवेदने, भिवंडीहून इंटरकॉमची जोडी आणून दिली. दोन पांढरे डबे, प्रत्येकाला जाळी, आवाजाची चक्री, एक बोलायचं बटण, एक पिप वाजवायचं, एक लॉकचं आणि पोटाखाली ए-बी असा खटका.

"वायर ओढायची नाही, काही नाही," नवेद म्हणाला. "प्लगमध्ये घाला आणि बोला. वायरलेस आहे."

वायरलेस म्हणायचं, पण ते घरातल्या विजेच्या तारेतूनच बोलायचं. हे नवेदला ठाऊक नव्हतं आणि डब्यावर लिहिलेलं नव्हतं. एका ट्रान्सफॉर्मरवरची सगळी घरं त्या डब्याला एकच घर वाटायची.

काही महिने फार सुखाचे गेले. इदरीस गळ्यातली टेप गिऱ्हाइकाभोवती फिरवायचा आणि डब्यात म्हणायचा, "छाती अडतीस, बाही चोवीस," आणि वर शबाना खडूने कापडावर खूण करायची. बाजाराला आलेली माणसं बघायला थांबायची. त्या बघणाऱ्यांत देवरामही होता.

देवराम मूळचा जामसरचा. एस.टी. डेपोकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्याची खानावळ होती. गल्ला पुढे, आणि स्वयंपाकघर मागच्या अंगणापलीकडे. तिथे त्याची बायको गौरा पहाटेपासून चुलीपाशी. देवरामची हाक अंगण ओलांडेपर्यंत विरून जायची, आणि गौरा उलट ओरडायची ते पुढे जेवणाऱ्यांना ऐकू जायचं. ते नेहमीच जेवताना ऐकण्यासारखं नसायचं. त्याने नाशिकहून तस्साच डबा मागवला. तीच जोडी, तोच खटका, तोच ए.

पहिल्या दिवशी दुपारी शबाना कापडावर वाकलेली असताना डबा बोलला, "तीन ताटं. एकात तिखट कमी."

डब्यातून सगळ्यांचे आवाज पत्र्याच्या डब्यात बसून बोलल्यासारखे यायचे. तिला वाटलं, नवरा तीन पाहुणे घेऊन येतोय, आणि त्यातल्या एकाचं पोट बिघडलेलं आहे. तिने कात्री ठेवली, कुकर लावला, अंडी फोडली. तिखट कमीचं वेगळं काढून झाकलं. तिकडे दुकानात इदरीसला डब्यातून बाईचा आवाज आला, "भात संपलाय. थांबाया सांगा." तो बिचारा थांबला. उपाशी थांबला. दुपार कलल्यावर घरी आला तेव्हा शबाना दारात उभी.

"एकटेच? पाहुणे कुठे आहेत?"

"कसले पाहुणे? तूच थांब म्हणालीस ना?"

"मी कशाला थांब म्हणू? मी तर चार जणांचं करून बसलेय."

त्या दिवशी इदरीस चार जणांचं जेवला आणि संध्याकाळी खानावळीत जाऊन उभा राहिला. देवरामचीही तक्रार तयारच होती. "इदरीसभाई, आमच्या गौराला दिवसभर कोणतरी स्वतःची छाती नि कंबर सांगतंय. ती म्हणते, हे कसलं गिऱ्हाईक पकडून आणलंत?"

दोघांनी डबे उलटे करून बघितले. खटका बी वर नेला तर त्यात बाजारातल्या पिठाच्या गिरणीची घरघर. गिरणी सुरू असताना बी वर बोलणं म्हणजे जात्यात तोंड घालून बोलणं. म्हणजे ए एकच, आणि त्यावर दोन संसार.

"मी आधी घेतला," इदरीस म्हणाला.

"मी जास्त बोलतो," देवराम म्हणाला. "तुमचं गिऱ्हाईक माप दिल्यावर आठ दिवस गप. माझं गिऱ्हाईक दर भाकरीला ओरडतं."

शेवटी नळावरच्यासारखी पाळी ठरली. बोलण्याआधी इदरीसने एक पिप करायचा, देवरामने दोन. बोलून संपलं की "झालं" म्हणायचं. "झालं" येईपर्यंत दुसऱ्याने बटणाला हात लावायचा नाही, कारण दोघांनी एकदम दाबलं की चारही डब्यांतून फक्त कढईत मासे टाकल्याचा आवाज यायचा. आणि लॉकचं बटण तर दाबायचंच नाही. ते दाबलं की आपला डबा बोलतच राहतो, बाकीचे सगळे ऐकत राहतात, आणि आपल्याला मात्र कुणाचंच ऐकू येत नाही. असा माणूस कुणालाच नको असतो.

नियम पुरुषांनी केले, पाळले बायकांनी. दुपारी इदरीस दुकानाला कडी लावून नमाजला जायचा आणि मशिदीच्या ओसरीवर जरा लवंडायचा. देवराम तांदळाच्या पोत्यांवर घोरायचा. त्या वेळात एकदा गौराने भीत भीत बटण दाबलं.

"वो शिंपीणबाय, हाय का? झालं."

"आहे. झालं."

"काल तुमचं मालक सांगत व्हतं, बाही चोवीस. कोणाची ती? झालं."

तिथून सुरुवात. दोघींनी एकमेकींना कधी पाहिलं नव्हतं. गौरा चुलीपासून हलायची नाही आणि शबाना टेबलापासून. पण आता रोज दुपारी एकीच्या भाकऱ्या थापल्याचा आवाज दुसरीच्या घरात आणि दुसरीच्या कात्रीचा आवाज पहिलीच्या घरात. हात रिकामे नसत, म्हणून पुरुषांनी मना केलेलं लॉकचं बटण त्या पाळीपाळीने लावायच्या. जिची पाळी ती बोलायची, दुसरीला निमूट ऐकावं लागायचं. मध्येच तोडता येत नाही अशी मैत्री त्या दोघींनाही पहिल्यांदाच मिळाली होती.

आणि त्याच सुमारास पँटी परत यायला लागल्या.

पहिली पँट परत आली ती कमरेत एवढी सैल, की मालक ती एका हाताने धरून आला. इदरीस म्हणाला, "धुतल्यावर बसेल." दुसऱ्याचा सदरा छातीत आवळत होता. इदरीस म्हणाला, "धुतल्यावर सुटेल." तिसऱ्या वेळी मात्र त्याने डब्याकडे बोट केलं. "याच्यात घोळ आहे. मी एक बोलतो, त्यात देवरामची ताटं मिसळतात, वर दुसरंच पोचतं."

शबानाला ठाऊक होतं की काही मिसळत नाही. आकडा जसा सुटतो तसाच पोचतो. तो सुटतोच चुकीचा. इदरीस हल्ली सुई ओवायला तिच्याकडे आणायचा आणि म्हणायचा, "तुझा हात हलका आहे." वर्तमानपत्र हात लांब करून धरायचा, आणि हात पुरेनासा झाल्यावर त्याने वर्तमानपत्रच बंद केलं होतं, त्यात हल्ली काही नसतं म्हणून. चष्म्याचं नाव काढलं तर म्हणायचा, "चष्मेवाल्या दर्जीकडे कोण येतं? अब्बांनी शेवटपर्यंत लावला नाही." अब्बांच्या शेवटच्या काळातल्या बाह्या तिने पाहिल्या होत्या, पण तिने फक्त सुई ओवून दिली.

तिने दुपारी गौराला विचारलं, "आज हिरव्या सदऱ्याचा एक जण जेवायला आला होता का? वावर गावचा? झालं."

"आलता. आमचीच गिऱ्हाइकं सगळी. बाजार करतात, तुमच्याकडं माप देतात, माझ्याकडं जेवतात. झालं."

"पोट केवढं आहे गं त्याचं? हे म्हणाले चाळीस. झालं."

गौराने स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसलेला माणूस आठवून पाहिला. "चाळीस म्हंजी केवढं ते मना काय ठावं? पण आमच्या कळशीएवढं हाय. हंड्याएवढं नाय. झालं."

मग शबानाने तिला भांड्यांभोवती सुतळी गुंडाळायला लावली, ती वितीने मोजायला लावली, आणि कळशी, हंडा, पाण्याचा पिंप आणि पिठाचा डबा यांची इंचांत भाषांतरं झाली. नवऱ्याने खालून पाठवलेला आकडा शबाना "हं" म्हणून घ्यायची, आणि कात्री चालवायची ती गौराच्या भांड्यांवर. पँटी परत यायच्या थांबल्या. उलट लोक म्हणू लागले, इदरीसभाईच्या हाताला काय माप आहे, पोटभर जेवून मांडी घालून बसलं तरी आवळत नाही. इदरीस ताठ चालायला लागला. शबाना त्याला तसा चालताना बघायची आणि तिला बरं वाटायचं. तिची धडपड तेवढ्याचसाठी होती.

हे असंच चाललं असतं, पण गिरणी हलली. मालकाने ती गावाबाहेर नेली आणि बी चॅनल एकदम मोकळा झाला. इदरीसने त्याच संध्याकाळी दोन्ही डब्यांचे खटके बी वर नेले.

"आता बघ. आता एकही आकडा इकडचा तिकडे होणार नाही."

"पण आता तर होतही नाहीये," शबाना म्हणाली.

"म्हणून काय झालं? दुसऱ्याच्या ताटात आपलं माप कशाला?"

खटका चुकून पुन्हा ए वर जाऊ नये म्हणून त्याने दोन्ही डब्यांना जाड खाकी कापडाची खोळ शिवली. फक्त जाळी आणि बटणं उघडी. खालून बारीक टाक्यांनी शिवून बंद. दिसत नसूनही टाके इतके सरळ होते, की उसवले असते तर पुन्हा तसे घालणं शबानालाही जमलं नसतं. सवयीने घातलेल्या टाक्याला डोळे लागत नाहीत.

दुपारी तिने डब्याजवळ कान नेला. बी वर नुसती शांतता. गौरा तिकडे ए वर बोलत असेल आणि उत्तर येत नाही म्हणून रागावली असेल, असं तिला वाटलं आणि तिने तिसऱ्यांदा तेच टोक कापलं.

अशात हरेश गुरुजी आले. मोखाड्याकडच्या एका शाळेत शिकवायचे. त्यांचं लग्न ठरलं होतं आणि सासऱ्यांनी सुटाचं कापड पाठवलं होतं, मुंबईहून आणलेलं, निळसर, एका माणसापुरतं नेमकं. वीतभरही जास्त नाही. चुकलं तर दुसरं मिळणार नव्हतं, आणि गुरुजींच्या वरातीत निम्मा मोखाडा तो सूट बघणार होता. एवढं मोठं काम इदरीसच्या दुकानात बऱ्याच दिवसांनी आलं होतं. त्याने मुद्दाम दोनदा माप घेतलं. दोन्ही वेळा वेगळं आलं. त्यातलं जे जास्त ठाम वाटलं ते त्याने वर सांगितलं. कापड आधीच वर पोचवलेलं होतं.

"कंबर छत्तीस. लिहिलंस?"

"गुरुजी जाड आहेत का?" शबानाने विचारलं.

"माणूस कसा आहे ते कशाला? माप घेतलंय ना मी. आजच काप, उद्यापासून शिवायला बसतो."

शबाना त्या निळ्या कापडासमोर खडू धरून उभी राहिली. दुकानातून तिला गुरुजींचा आवाज ऐकू आला होता, आणि तो आवाज काही छत्तीस कमरेचा नव्हता. तिने खडू ठेवला, बुरखा घातला, दाराला कुलूप लावलं आणि मागच्या पायवाटेने खाली उतरली.

खानावळीच्या मागच्या दारात एक बारीकशी बाई परातीत नागलीचं पीठ मळत होती. शबानाच्या मनातली गौरा चांगली आडवी होती.

"गौरा?"

"शबानाबाय?"

दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. मग गप्प झाल्या. एवढ्या महिन्यांत शेजारणीशी नसेल बोललं तेवढं बोलून झालं होतं, पण समोर डोळे असताना काय बोलायचं ते सुचेना. एक बोलायला तोंड उघडायची तर दुसरीही उघडायची, मग दोघी मिटायच्या. पाळी कुणाची तेच कळत नव्हतं.

"थांब," गौरा म्हणाली. तिने कोपराने खिडकीतला डबा जवळ ओढला आणि पिठाच्या बोटाने सवयीप्रमाणे लॉकचं बटण दाबलं. दिवा लागला. आणि काय आश्चर्य, तिला लगेच बोलता यायला लागलं.

"हां. बोल. कोणाला बघाया आलीस?"

पुढे खानावळ भरलेली होती. मोखाड्याची गाडी उशिरा होती, त्यामुळे बाजारची सगळी माणसं जेवायला बसलेली. गल्ल्यावरचा डबा बोलला, "हां. बोल. कोणाला बघाया आलीस?" आणि सगळे घास थांबले.

"तो गुरुजी. हरेश. आला असेल," डब्यातून दुसरा आवाज आला. "यांनी कंबर छत्तीस सांगितली."

"त्यो? खिडकीतनं बघ, खांबाला टेकून बसलाय त्यो. छत्तीस? बाय, त्यो माझ्या कुठल्याच भांड्यात बसत नाय. मुसळ हाय त्ये. छत्तीसात त्यो नि त्याची नवरी, दोघं मावतील."

खांबाला टेकलेल्या हरेश गुरुजींनी घास खाली ठेवला. पंगत हसली. देवरामने बटण दाबून "गौरा, बंद कर" म्हटलं, दोनदा म्हटलं, पण लॉक लावलेल्या डब्याला ऐकू कसं जाणार? त्याने आवाज कमी करायला चक्री फिरवली, ती उलटी फिरली, आणि आता रस्त्यावरची माणसंही आत डोकावायला लागली. अंगण ओलांडून मागे जावं तर डाव्या हातावर चार ताटं. आणि खरं सांगायचं तर, पुढचं ऐकायचंही होतं.

त्याच वेळी इदरीस वर घरी जाऊन कुलूप बघून आला होता. बाहीची लांबी सांगायची राहिली म्हणून त्याने डब्यात चारदा हाक मारली होती आणि उत्तर आलं नव्हतं. वाटेवर भाजी विकणारी कोंडी म्हणाली, "शबानाबाय? खानावळीमागं गेली." म्हणून तो धापा टाकत खानावळीच्या दारात येऊन उभा राहिला, आणि त्याने बायकोचा आवाज ऐकला.

"त्यांना दिसत नाही गं. टेपवरचे आकडे दिसत नाहीत. अंदाजाने बोलतात."

"मंग चष्मा घे म्हण की."

"कसं म्हणू? दर्जीचे डोळे गेले म्हणजे दर्जी गेला, असं त्यांना वाटतं. तो माणूस दिवसभर ताठ बसतो दुकानात. मी म्हटलं, तू बघतेस, मी कापतेय, ते ताठ बसतायत. चाललंय ना? कुणाला कळायचं काय कारण आहे?"

पंगतीतले सगळे आता दाराकडे बघत होते. देवराम हातातली चार ताटं घेऊन तसाच उभा. इदरीस उंबऱ्यावर, गळ्यात टेप.

तो आत आला, सरळ खांबापाशी गेला आणि गळ्यातली टेप काढली.

"उठा गुरुजी."

"इदरीसभाई, मी काही मनाला लावून..."

"उठा हो. आणि आकडा तुम्ही वाचा. शिकलेले आहात."

गुरुजी खरकटा हात बाजूला धरून उभे राहिले. इदरीसने टेप कमरेभोवती नेली. तिथे त्याचे हात अजिबात चुकत नव्हते.

"तीस," गुरुजी म्हणाले.

"नीट बघा."

शेजारच्या पाटावरचा फागू वाकून म्हणाला, "तीसच. वर अर्धा." पलीकडून आणखी दोघांनी वाकून साडेतीस कायम केलं.

तोवर देवरामने ताटं टेकवून मागे जाऊन लॉक काढला होता. इदरीसने गल्ल्यावरचा डबा घेतला आणि एक पिप केला. मागच्या स्वयंपाकघरात शबानाच्या हातातलं पाणी सांडलं.

"शबाना, लिहून घे. कंबर साडेतीस. चार माणसांनी वाचलंय, बरोबर असेल." बटण न सोडताच तो म्हणाला, "आणि जेवून ये. मीही इथेच बसतो."

गुरुजींचा सूट असा बसला की वरातीत लोकांनी नवरीकडे नंतर पाहिलं. इदरीस नाशिकला जाऊन चष्मा घेऊन आला. काळ्या काडीचा. पहिल्या दिवशी त्याने दुकानातली प्रत्येक गोष्ट वाचून काढली, मशीनखालचा नंबरसुद्धा. खोळींचे टाके त्याने स्वतःच उसवले आणि न विचारता दोन्ही खटके ए वर नेले.

गिऱ्हाइकं कमी होतील ही भीती मात्र फुकट गेली. लोक मुद्दाम चष्मा बघायला यायचे आणि बघितल्यावर लाजेखातर एखादं कापड टाकून जायचे. इदरीस टेप डोळ्यांजवळ नेऊन सूतसूत मोजायचा आणि वर सांगायचा, "सव्वाचौतीस. सव्वा म्हणजे सव्वा. सैल सोडायचं नाही, आता दिसतंय मला." शबाना निमूट सव्वाच कापायची. एवढ्या दिवसांनी त्याचं माप त्याचं होतं, त्यात ती कशाला कात्री घालेल?

दोन आठवड्यांत सात पँटी परत आल्या. सगळ्या आवळत होत्या. एकाचं तर डेपोत गाडीची वाट बघत बसल्या बसल्या बटण उडालं.

इदरीसने चष्मा पुसला, पुन्हा मोजलं. पँट बरोबर. टेप बरोबर. माणूसही तोच. त्याने हताश होऊन डब्यात म्हटलं, "शबाना, मी आंधळा होतो तेव्हा लोक खूश होते. आता काय चुकतंय? झालं."

शबाना बोलण्याआधीच दोन पिप वाजले आणि डब्यातून गौरा बोलली.

"भाऊ, सांगू का? तुमी सकाळी पयल्या गाडीनं आलेल्या मान्साचं माप घेता. त्यो रातपासनं उपाशी असतो. मी जेवल्यालं मानूस बघून सांगत व्हते. झालं."

समोर बाकावर चंद्रा नावाचा वावरचा म्हातारा नव्या धोतराऐवजी पहिल्यांदाच पँट शिवायची म्हणून श्वास रोखून, पोट आत घेऊन बसला होता. इदरीसने चष्मा कपाळावर ढकलला आणि टेप गुंडाळून खिशात टाकली.

"देवरामभाऊ, बाबांना पाठवतोय. दोन भाकऱ्या झाल्याशिवाय उठू देऊ नका. मी टेप घेऊन येतोच."